रेणुभार कसा काढायचा, आणि तो बाटलीवरच्या आकड्याशी का जुळत नाही

प्रश्न दोन आहेत. नेहमीच्या संयुगांचा रेणुभार काढायचा कसा, आणि एकाच पदार्थासाठी पुस्तकात एक, बाटलीवर दुसरा आणि आपल्या वहीत तिसराच आकडा का येतो? पहिल्याचे उत्तर एका ओळीत संपते: सूत्रात जेवढे अणू दिसतात त्या सगळ्यांच्या अणुभारांची बेरीज. दुसऱ्याला वेळ द्यावा लागतो, कारण बेरीज सहसा कोणाची चुकत नाही, चुकते ते सूत्र. बाटलीत निर्जल क्षार आहे की पाण्यासकट, आम्ल आहे की त्याचा सोडियम क्षार, हे न पाहता केलेली बेरीज कितीही दशांशांपर्यंत नेली तरी उपयोगाची नसते.

सूत्रे खाली जशी वाचतो तशीच लिहिली आहेत. अक्षरानंतरचा आकडा म्हणजे त्या अणूंची संख्या: एच२ओ म्हणजे हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक.

अणुभार कुठले घ्यायचे

रोजच्या कामाला एवढे पुरतात: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९०, मॅग्नेशियम २४.३०५, ॲल्युमिनियम २६.९८२, फॉस्फरस ३०.९७४, गंधक ३२.०६, क्लोरिन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, कॅल्शियम ४०.०७८, क्रोमियम ५१.९९६, मँगनीज ५४.९३८, लोह ५५.८४५, तांबे ६३.५४६, जस्त ६५.३८, चांदी १०७.८६८, आयोडिन १२६.९०४.

हे आकडे पूर्णांकात नसतात, कारण निसर्गातले बहुतेक मूलद्रव्य समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचे) मिश्रण असते आणि अणुभार ही त्यांची भारित सरासरी असते. क्लोरिनचे उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. सुमारे ७५.८ टक्के अणू ३४.९६९ वस्तुमानाचे आणि २४.२ टक्के ३६.९६६ वस्तुमानाचे, म्हणून सरासरी ३५.४५. एवढ्या वजनाचा क्लोरिनचा एकही अणू प्रत्यक्षात नसतो. मोजपट्टी ठरते कार्बन-१२ वरून, त्याचे वस्तुमान नेमके १२ धरलेले आहे. ही पट्टी १९६१ पासूनची. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ दोघेही ऑक्सिजन १६ धरत, पण एकाचा ऑक्सिजन नैसर्गिक मिश्रणाचा आणि दुसऱ्याचा फक्त ऑक्सिजन-१६. त्यामुळे फार जुन्या पुस्तकातले आकडे शेवटच्या दशांशात हलके वेगळे दिसतात.

गंधकाच्या बाबतीत हा प्रकार आजही भेटतो. काही तक्त्यांत ३२.०६ असते, काहींत ३२.०६५ किंवा ३२.०६६. गंधक कुठल्या स्रोतातून आले त्यावर त्याच्या समस्थानिकांचे प्रमाण थोडे बदलते, म्हणून हा आकडा पक्का बांधून ठेवता येत नाही. सल्फ्युरिक आम्लाचा रेणुभार तुमच्या हिशेबाने ९८.०७ आणि बाटलीवर ९८.०८ असेल तर चूक कोणाचीच नाही. दहा हजारांत एकाचा फरक आहे, तुमचा पिपेटही एवढा अचूक नसतो. सोडून द्या.

पूर्णांकात रूपांतर करताना मात्र भान हवे. कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरून ग्लुकोज १८० येते, खरे १८०.१५६, फरक हजारात एकाहून कमी. तोंडी अंदाजाला उत्तम. पण क्लोरिन ३५ धरले तर मीठ ५८ येते, खरे ५८.४४, म्हणजे पाऊण टक्क्याची चूक. कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये चार क्लोरिन असल्याने हीच चूक सव्वा टक्क्याच्या जवळ जाते: १५३.८१ च्या जागी १५२. क्लोरिन ३५.५ आणि तांबे ६३.५ यांच्या खाली कधी उतरू नये. हिशेबातले मधले आकडे सगळ्या दशांशांसह ठेवायचे आणि पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तरात करायचे.

बेरीज

पाणी: २ × १.००८ + १५.९९९ = १८.०१५. हा आकडा पाठच हवा, पुढे पदोपदी लागतो.

सल्फ्युरिक आम्ल, एच२एसओ४: हायड्रोजनचे २.०१६, गंधकाचे ३२.०६, ऑक्सिजनचे ६३.९९६, एकूण ९८.०७२.

खाण्याचा सोडा, एनएएचसीओ३: २२.९९० + १.००८ + १२.०११ + ४७.९९७ = ८४.००६.

कंस आला की पहिली घसरण इथे होते. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सीए(ओएच)२. कंसाबाहेरचा २ आतल्या ऑक्सिजनलाही लागू होतो आणि हायड्रोजनलाही. ४०.०७८ + २ × १७.००७ = ७४.०९२. कंस न पाहता केले तर ५८.०९३ येते, नेमका एक ऑक्सिजन कमी.

कंसाचा त्रास टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे अणूंऐवजी गटांची बेरीज करणे. अमोनियम १८.०३९, हायड्रॉक्साइड १७.००७, नायट्रेट ६२.००४, कार्बोनेट ६०.००८, सल्फेट ९६.०५६, फॉस्फेट ९४.९७०, ॲसिटेट ५९.०४४. हे सात आणि पाणी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवले की बहुतेक अजैविक क्षार दोन-तीन पदांत संपतात. अमोनियम सल्फेट: २ × १८.०३९ + ९६.०५६ = १३२.१३४. कॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम तीन आणि फॉस्फेट दोन: १२०.२३४ + १८९.९४० = ३१०.१७४. ॲल्युमिनियम सल्फेट: ५३.९६४ + ३ × ९६.०५६ = ३४२.१३२.

साखर, म्हणजे सुक्रोज, सी१२एच२२ओ११, हिचा रेणुभार ३४२.२९७. ॲल्युमिनियम सल्फेटच्या अगदी शेजारी. युरिया ६०.०५६ आणि ॲसेटिक आम्ल ६०.०५२ हीही तशीच जोडी. रेणुभार जुळला म्हणून पदार्थ तोच, असे कधी समजू नये. साखरेच्या आकड्याचा पडताळा मात्र छान घेता येतो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्हींचे सूत्र सी६एच१२ओ६. दोन रेणू जोडले जाताना एक पाणी निघून जाते. २ × १८०.१५६ − १८.०१५ = ३४२.२९७. बेरीज दोन वेगळ्या वाटांनी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त पडताळा आहे.

वायूंच्या बाबतीत एक आठवण: ऑक्सिजन वायू म्हणजे दोन अणू, ३१.९९८, नायट्रोजन २८.०१४, क्लोरिन ७०.९०. तक्त्यातला अणुभार तसाच उचलला की उत्तर निम्मे येते.

मिठाला रेणू नसतो, स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयनांची जाळी असते, म्हणून काटेकोर बोलायचे तर ५८.४४ हा सूत्रभार आहे. हिशेबाला काही फरक पडत नाही. एककांचेही तसेच. एका रेणूचे वस्तुमान डाल्टनमध्ये, एका मोलचे (म्हणजे एका ठरीव, प्रचंड संख्येइतक्या रेणूंचे) वस्तुमान ग्रॅम प्रति मोलमध्ये, आणि रेणुभार हे नुसते गुणोत्तर म्हणून बिनएककाचे. आकडा तिन्हीकडे तोच. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या ६.०२२१४०७६ × १०^२३ या ठरीव संख्येवर बसवली आहे, पण त्याने तुमचे एकही उत्तर बदलत नाही.

स्फटिकजल: खरी चूक इथे होते

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. निळ्या स्फटिकांत एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात आणि सूत्रात ते मधल्या ठिपक्यानंतर लिहिलेले असतात. ठिपका म्हणजे गुणाकार नव्हे, "सोबत" असा त्याचा अर्थ. निर्जल भाग ६३.५४६ + ९६.०५६ = १५९.६०२. पाणी ५ × १८.०१५ = ९०.०७५. एकूण २४९.६७७. म्हणजे वजनाच्या ३६ टक्के नुसते पाणी आहे.

पाणी मिळवताना दोन चुका वारंवार दिसतात. पहिली: ५एच२ओ मधला ५ फक्त हायड्रोजनला लावायचा आणि ऑक्सिजन एकच धरायचा. उत्तर येते १८५.६८. दुसरी: रेणुभार काढून देणाऱ्या संगणकीय पानावर मधला ठिपका पूर्णविराम म्हणून टाकायचा. मग प्रोग्राम ओ४.५ असे वाचू शकतो, म्हणजे साडेचार ऑक्सिजन आणि पुढे एकच पाणी. उत्तर १८५.६२. दोन अगदी निराळ्या चुका जवळपास एकाच आकड्यावर येऊन बसतात, त्यामुळे हाताने केलेला चुकीचा हिशेब आणि यंत्राचे चुकीचे उत्तर एकमेकांना दुजोरा देतात. मोरचुदासाठी १८५ च्या घरातले काही दिसले तर थांबा.

तुरटीत पाणी आणखी जास्त असते. पोटॅशियम ३९.०९८, ॲल्युमिनियम २६.९८२, सल्फेट दोन १९२.११२, पाणी बारा २१६.१८, एकूण ४७४.३७, त्यातले ४५ टक्क्यांहून अधिक पाणी. धुण्याच्या सोड्याचे दहा-पाण्याचे स्फटिक २८६.१४ आणि निर्जल सोडियम कार्बोनेट १०५.९९, यात तर पाणीच ६३ टक्के. उलट टोकाला प्लास्टर ऑफ पॅरिस: दोन कॅल्शियम सल्फेटमागे एकच पाणी, म्हणून सूत्रात अर्धे पाणी. १३६.१३४ + ९.००८ = १४५.१४. अर्धा रेणू कसा, म्हणून बिचकू नये, ते प्रमाण आहे. पाणी घालून घट्ट झाल्यावर तेच जिप्सम होते, दोन पाण्यांचे, १७२.१६.

सर्वांत घोळ घालणारा क्षार डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. बफर (पीएच स्थिर ठेवणारी द्रावणे) करणाऱ्यांना तो रोज लागतो आणि बाजारात तो चार रूपांत मिळतो. एक लिटर ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावणासाठी निर्जल असेल तर १४.२० ग्रॅम (रेणुभार १४१.९६), दोन-पाण्याचा १७.८० ग्रॅम (१७७.९९), सात-पाण्याचा २६.८१ ग्रॅम (२६८.०६), बारा-पाण्याचा ३५.८१ ग्रॅम (३५८.१४). कुणाच्या जुन्या टिपणात नुसते "फॉस्फेट १४.२ ग्रॅम" लिहिलेले असेल आणि कपाटात बारा-पाण्याची बाटली असेल, तर द्रावण ०.०४ मोलर होते. पीएच मीटरवर ही चूक लगेच उघडी पडेलच असे नाही. कृती लिहिताना ग्रॅमसोबत रेणुभारही लिहिला की पुढच्या माणसाला कुठले रूप अभिप्रेत होते ते कळते.

ऑक्झॅलिक आम्ल नेहमी दोन-पाण्याचे घेतात: ९०.०३४ + ३६.०३० = १२६.०६४. २५० मिलिलिटर ०.१ मोलर द्रावणाला ०.१ × ०.२५० × १२६.०६४ = ३.१५२ ग्रॅम. कोणी ९०.०३ घेऊन २.२५१ ग्रॅम तोलले तर द्रावण ०.०७१४ मोलर होते, जवळजवळ २९ टक्के पातळ, आणि त्यावरून काढलेली अल्कलीची तीव्रता तेवढीच फसवी.

सूत्रातले पाणी बाटलीत टिकतेच असेही नाही. धुण्याच्या सोड्याचे स्फटिक कोरड्या हवेत पाणी सोडतात, वरून पांढरे पिठूळ होतात आणि हळूहळू एक-पाण्याच्या रूपाकडे जातात, ज्याचा भार १२४.००. लेबल २८६.१४ चे, आतला माल त्याहून हलका. त्या हिशेबाने तोललेले द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र निघते. प्रमाण द्रावण (तीव्रता नेमकी माहीत असलेले) करायचे असेल तर हा सोडा सुमारे २५० ते २७० अंश सेल्सियसला तापवून, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून निर्जल म्हणूनच तोलावा. मोरचूद तापवल्यावर निळी पांढरी होते. पाचातली चार पाणी शंभर अंशांच्या आसपास निघतात, शेवटचे २०० अंशांच्या वर. अर्धवट तापवलेल्या, फिकट निळ्या पुडीला कुठलाच नेमका सूत्रभार नसतो.

फरकावरून निदान

दोन आकडे जुळत नसतील तर आधी वजाबाकी करा. फरक १८.०१५ किंवा त्याच्या पटीत आला की पाणी. १५.९९९ आला की एक ऑक्सिजन निसटला, बहुधा कंसामुळे. २१.९८२ आला की एका हायड्रोजनच्या जागी सोडियम बसला आहे (२२.९९० − १.००८). ३८.०९० म्हणजे हायड्रोजनच्या जागी पोटॅशियम. ३६.४५८ म्हणजे हायड्रोक्लोराइड क्षार, मूळ रेणूला एचसीएल जोडलेला.

एक प्रत्यक्ष उदाहरण. पाण्याचा कठीणपणा मोजायला ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून ठेवणारे एक आम्ल) लागते. पुस्तकात रेणुभार २९२.२४, हातातल्या बाटलीवर ३७२.२४. फरक ८०.००, पटकन पाहता गंधक ट्रायऑक्साइडसारखा वाटतो, पण ईडीटीएत गंधकच नाही. दोन सोडियमचे ४३.९६ वजा केले की सुमारे ३६.०३ उरतात, म्हणजे दोन पाणी. बाटलीत डायसोडियम क्षार आहे, दोन पाण्यांसह. तोच घेणे योग्य, कारण मूळ आम्ल पाण्यात जेमतेम विरघळते. पण वजन ३७२.२४ ने काढायचे; ०.०१ मोलरसाठी लिटरला ३.७२२ ग्रॅम. २९२.२४ ने काढले तर द्रावण ०.००७८५ मोलर होते आणि प्रत्येक नमुन्याचा कठीणपणा सव्वापटीहून अधिक दिसतो.

औषधांत हीच गोष्ट क्षाररूपाची. मेटफॉर्मिनचा रेणुभार १२९.१७, त्याच्या हायड्रोक्लोराइडचा १६५.६२. ५०० मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइडमध्ये मूळ मेटफॉर्मिन ३९० मिलिग्रॅमच असते. आकडा कुठल्या रूपाचा आहे हे ठरवल्याशिवाय दोन तक्ते शेजारी ठेवू नयेत.

रेणुभारापासून द्रावणापर्यंत

ग्रॅम = मोलरता × लिटर × रेणुभार ÷ शुद्धता. यातला शेवटचा भाग लोक गाळतात. ९८ टक्के शुद्ध माल असेल तर ०.९८ ने भागायचे.

कॉस्टिक सोडा, ३९.९९७. लिटरला ४.०० ग्रॅम तोलले की ०.१ मोलर, हे कागदावर खरे. प्रत्यक्षात गोळ्या तोलता तोलता हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. म्हणून ४.१ ते ४.२ ग्रॅम घेऊन द्रावण करायचे आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी अनुमापन करून (तोललेल्या थॅलेटशी अभिक्रिया पुरी व्हायला किती द्रावण लागते ते मोजून) खरी तीव्रता काढायची. थॅलेट २०४.२२, स्फटिकजल नाही, हवेत ओल धरत नाही, ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवला की निर्धास्त तोलता येतो. सुमारे २५ मिलिलिटर वाचन यावे म्हणून ०.०२५ × ०.१ × २०४.२२, म्हणजे ०.५१ ग्रॅमच्या जवळपास घ्यावा. नेमका ०.५१०६ तोलण्याच्या मागे लागू नये. जे वजन येईल ते चौथ्या दशांशापर्यंत लिहावे आणि हिशेबात घालावे.

तीव्र आम्ले टक्के आणि घनतेने विकतात, म्हणून रेणुभार इथे भाजक होतो: मोलरता = १० × टक्के × घनता ÷ रेणुभार. ३७ टक्के हायड्रोक्लोरिक, घनता १.१९: ४४०.३ ÷ ३६.४५८ = १२.१ मोलर. ९८ टक्के सल्फ्युरिक, घनता १.८४: १८.४ मोलर. ७० टक्के नायट्रिक, घनता १.४२: १५.८ मोलर. एक लिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिकला तीव्र आम्ल सुमारे ८.३ मिलिलिटर. बाटली वारंवार उघडली की वायू उडतो आणि हा आकडा उतरतो, तेव्हा इथेही अनुमापन टळत नाही. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही. सल्फ्युरिकच्या बाबतीत याला अपवाद नाही.

नॉर्मल द्रावणे (मोलऐवजी तुल्यभारावर मोजलेली) वापरणाऱ्यांनी तुल्यभार, म्हणजे अभिक्रियेतल्या एका हायड्रोजन आयनामागे किंवा इलेक्ट्रॉनमागे येणारा भार, वेगळा काढावा. सल्फ्युरिकचा निम्मा, ४९.०४. पोटॅशियम परमँगनेट १५८.०३, पण आम्लात मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेते म्हणून तुल्यभार ३१.६१, उदासीन माध्यमात तीन घेते म्हणून ५२.६८. रेणुभार पदार्थाचा असतो, तुल्यभार अभिक्रियेचा. परमँगनेटच्या बाटलीवर नुसते ०.१ नॉर्मल लिहिलेले असेल तर ते कुठल्या अभिक्रियेसाठी, हे विचारलेच पाहिजे.

"अमुकच्या रूपात" दिलेले आकडे हाही रेणुभारांचाच खेळ आहे. पाण्याच्या अहवालात कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतो: १०० मिलिग्रॅम प्रति लिटर कठीणपणा म्हणजे, सगळा कॅल्शियमचाच असेल तर, ४० मिलिग्रॅम कॅल्शियम (४०.०७८ ÷ १००.०८६). नायट्रेट कधी नायट्रेट म्हणून देतात, कधी त्यातला नायट्रोजन म्हणून, ६२.००४ ÷ १४.००७ = ४.४३, म्हणजे ५० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ११.३ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन एकच. खतांच्या पिशवीवर फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि पोटॅशियम ऑक्साइड लिहितात, प्रत्यक्षात पिशवीत दोन्ही ऑक्साइड नसतात. पेंटॉक्साइडचा आकडा ०.४३६ ने गुणला की फॉस्फरस, पोटॅशचा ०.८३० ने गुणला की पोटॅशियम. युरियातला नायट्रोजन सरळ येतो: २८.०१४ ÷ ६०.०५६, ४६.६ टक्के.

यंत्र वेगळाच आकडा दाखवते तेव्हा

वस्तुमान वर्णपटमापीवर आलेला आकडा तक्त्यातल्या रेणुभाराशी जुळवायला गेलात तर निराश व्हाल. ते यंत्र एकेक रेणू तोलते, सरासरी नाही. डायक्लोरोमिथेनचा रेणुभार ८४.९३, म्हणून ८५ ला रेघ शोधली तर तिथे जवळजवळ काहीच सापडत नाही. रेघा ८४, ८६ आणि ८८ ला, साधारण ९ : ६ : १ प्रमाणात, कारण दोन क्लोरिन ३५-३५, ३५-३७ किंवा ३७-३७ असे येतात. अशा कामाला सर्वाधिक आढळणाऱ्या समस्थानिकांची नेमकी वस्तुमाने घ्यायची (हायड्रोजन १.००७८, क्लोरिन ३४.९६८९) आणि रेणूला प्रोटॉन चिकटवणाऱ्या धन आयन पद्धतीत प्रोटॉनचा एक मिळवायचा. तराजूवर तोलताना मात्र पुन्हा सरासरीच. दोन्हींची सरमिसळ केली की क्लोरिन-ब्रोमिनच्या संयुगांत टक्क्याच्या आसपासची चूक होऊ शकते.

प्रयोगाने काढलेला रेणुभारही सूत्राशी नेहमी जुळत नाही, आणि न जुळण्यातच माहिती असते. गोठणबिंदू किती खाली आला त्यावरून बेंझीनमधल्या बेंझॉइक आम्लाचा रेणुभार काढला तर १२२ च्या जागी दुपटीच्या जवळ जातो, कारण रेणू जोडीजोडीने राहतात. पाण्यातल्या मिठाचा निम्म्याच्या जवळ येतो, कारण एका सूत्रामागे दोन आयन मोकळे होतात. ॲसेटिक आम्लाचा बाष्पघनतेवरून काढलेला रेणुभार उत्कलनबिंदूच्या आसपास ६० पेक्षा बराच जास्त निघतो, तोही जोड्यांमुळेच.

रेणुभार काढून देणारी संगणकीय पाने वापरायला हरकत नाही, पण ती अक्षरांबाबत हट्टी असतात. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट, ५८.९३, दोन्ही मोठी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, २८.०१. मोठा एच आणि लहान एफ म्हणजे हाफ्नियम, हायड्रोजन फ्लोराइड नव्हे. मोबाइलवर टंकताना पहिले अक्षर आपोआप मोठे आणि पुढची लहान होतात, घात तिथेच होतो. सूत्राऐवजी नाव टाकून आकडा घेणे त्याहून धोक्याचे, कारण नुसत्या "सोडियम फॉस्फेट"ला तीन क्षार आणि त्यांची सगळी जलरूपे उत्तर देतात.

बहुवारिकांना, म्हणजे लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांना, जसे स्टार्च, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांना, एकच रेणुभार नसतो. ग्लायकॉल ४०० किंवा ६००० मधला आकडा सरासरीचा, आणि सरासरीही दोन तऱ्हांची. समजा १०,००० आणि १,००,००० वस्तुमानाच्या साखळ्या संख्येने सारख्या आहेत. संख्येने काढलेली सरासरी ५५,०००. वजनाने काढलेली सुमारे ९१,८००, कारण वजनाचा बहुतांश वाटा मोठ्या साखळ्यांकडे आहे. माल तोच. म्हणून अशा पदार्थांची द्रावणे मोलरमध्ये करण्याचा अट्टहास करू नये. वजन-आकारमान टक्क्यात लिहावीत आणि सोबत बाटलीवरचा दर्जा व सरासरी कुठली आहे ते नोंदवावे.